त्रेसष्टावं पुस्तक

यादीत एकूण त्रेसष्ट पुस्तकं होती. त्यांतली एकोणीस मावशीच्या घरातच होती, पण वाचून झालेली नव्हती. एकतीस वाचनालयात मिळण्यासारखी होती. बारा कुठेच मिळत नव्हती. त्यांच्या प्रकाशकांनी एक तर दुकान बंद केलं होतं, नाहीतर हात वर केले होते. राहिलं एक. त्या एकापुढे यादीत तीनच शब्द होते : ‘ते भिंगाकडे आहे.’

ही यादी वहीच्या तीन पानांवर, दोन लिफाफ्यांच्या पाठीवर आणि औषधाच्या एका पुठ्ठ्यावर पसरली होती. भाचीने ती एका कागदावर उतरवली, अनुक्रमांक घातले, दोनदा आलेली नावं काढून टाकली आणि मग मावशीसमोर धरली.

मावशी कादंबरीकार. सहा कादंबऱ्या छापून झालेल्या, सातवी सातव्याच प्रकरणात रुतून बसलेली. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं, आणि विमान सोळा दिवसांवर आलं होतं. भाची पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बांधाबांध करायला म्हणून ती रजा टाकून आली होती, पण पहिल्या दिवसापासून तिने बांधलं कमी आणि मोजलं जास्त. म्हणून मावशी तिला मोजपट्टी म्हणायची.

“जायच्या आधी ही यादी वाचून काढायची,” मावशी म्हणाली. “तिकडे आपल्या भाषेतलं पुस्तक औषधालाही मिळायचं नाही.”

भाचीने घड्याळ लावून तिचा वाचनाचा वेग काढला. मावशी हातात पेन्सिल घेऊन वाचायची आणि दुसऱ्यांची छापील वाक्यंही दुरुस्त करत जायची, त्यामुळे तासाला बावीस पानांच्या वर गाडी सरकत नव्हती.

“एका पुस्तकाची सरासरी दोनशे चाळीस पानं धरली तर तुला सहाशे सत्त्याऐंशी तास लागतील,” भाची म्हणाली. “सोळा दिवस तू डोळ्याला डोळा लावला नाहीस, तरी होतात तीनशे चौऱ्याऐंशी.”

“मग उरलेलं विमानात वाचीन.”

“विमान अकरा तासांचं आहे. दोनशे बेचाळीस पानं. म्हणजे एक पुस्तक.”

“बघ, एक तरी कमी झालं की नाही!”

“मावशी, यातलं खरंच लागणारं कोणतं, ते सांग. बाकीचं राहू दे.”

मावशीने पेन्सिल कानामागे खोचली आणि कितीतरी वेळ यादीकडे पाहत राहिली. मग तिने त्रेसष्टाव्या नावावर बोट ठेवलं.

ते एका घड्याळजीचं आत्मचरित्र होतं. एकशे बारा पानांचं, एकदाच छापलेलं. बाजारातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ ज्याने चाळीस वर्षं सांभाळलं, त्या माणसाने ते लिहिलं होतं. मावशीच्या सातव्या कादंबरीचा नायकही घड्याळजीच होता. सातव्या प्रकरणात तो मनोऱ्यावरचं घड्याळ उघडायला हात पुढे करतो आणि तिथेच दीड वर्षं उभा होता, कारण त्या हाताने पुढे काय करायचं हे मावशीला ठाऊक नव्हतं.

“मग माग की भिंगकाकांकडे,” भाची म्हणाली.

“त्या माणसाकडे? सातवं प्रकरण तिथेच अडून राहिलं तरी चालेल मला.”

भिंग म्हणजे मुद्रितशोधक. गळ्यात दोरीने भिंग अडकवून छापखान्याच्या वरच्या खोलीत बसायचे, म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. तिच्या पहिल्या चार कादंबऱ्यांची प्रुफं त्यांनी तपासली होती. मग चौथीवरून बिनसलं, आणि गेली नऊ वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

कारण होतं तीन पायऱ्या. चौथ्या कादंबरीच्या नवव्या पानावर नायिका त्याच मनोऱ्याच्या पायऱ्या चढते. मावशीने स्वतः चढून, मोजून लिहिलं होतं : एकशे अठरा. पुस्तक छापून आलं तेव्हा तिथे एकशे एकवीस होतं. आणि पान दोनशे तीनवर, जिथे नायिका म्हणते की पायरीगणिक एक अशी मी तुला एकशे अठरा पत्रं लिहिली, तिथे मात्र एकशे अठराच.

“वाचकांची पत्रं आली,” मावशी सांगत होती. “तीन पायऱ्या कुठे गेल्या हो बाई, म्हणून. एका समीक्षकाने तर अकरा पानांचा लेख लिहिला. तीन हरवलेल्या पायऱ्या म्हणजे तीन पिढ्यांचं तुटलेपण!”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? त्या लेखावर मला पुरस्कार मिळाला. मी मान डोलावली. लोक टाळ्या वाजवत होते.” तिने आवाज चढवला. “पण विचारायची पद्धत असते की नाही? शोधकाने शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं, लेखकाला चिठ्ठी पाठवायची. परस्पर आकडा बदलायचा नाही. हा नियम मला त्यांनीच शिकवला होता!”

त्यापुढे तो विषय बंद. भाची घरातल्या एकोणीस पुस्तकांकडे वळली. कोणतं किती वाचून सोडलं आहे हे कळलं तर उरलेल्या पानांचा नेमका आकडा मिळेल, असा तिचा हिशेब. एकोणीसपैकी चौदा पुस्तकांत खूण सापडली. मावशी खुणेला काहीही चालवून घ्यायची. विजेचं बिल निघालं, बसची तिकिटं निघाली, केसांची पिन, शिंप्याची पावती, बटणांची पुडी, एका लग्नाची पत्रिका. त्या लग्नाला मावशी गेली नव्हती आणि आपल्याला बोलावलंच नाही म्हणून वर्षभर रुसली होती.

आठव्या पुस्तकात, चौदाव्या पानावर, एक घडी घातलेली चिठ्ठी होती. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक आणि सरळ.

‘पृ. ९, ओळ ४. मनोऱ्याच्या पायऱ्या ११८ की १२१? मी काल जाऊन मोजल्या, १२१ भरल्या. कृपया गुरुवारपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास १२१ करून छपाईला देतो.’

खाली तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची.

भाचीने चिठ्ठी मावशीच्या हातात दिली. मावशीने ती एकदा वाचली, पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

“प्रुफांबरोबर आली असणार,” ती हळूच म्हणाली. “मी तेव्हा पक्ष्यांचं पुस्तक वाचत होते. हाताला लागली, घातली आत.”

“घडी न उघडता?”

“उघडली असती तरी मी एकशे अठराच म्हटलं असतं.”

“पण उघडली नव्हतीस.”

“तू कोणाच्या बाजूची आहेस गं?”

“चिठ्ठीच्या.”

त्यानंतरचे चार दिवस मावशीने घर डोक्यावर घेतलं. भरलेली बॅग उपसली, पुन्हा भरली. कपड्यांची एक आणि पुस्तकांची एक अशा दोन बॅगा होत्या, प्रत्येकीला मर्यादा तेवीस किलोची. पुस्तकांच्या बॅगेत न वाचलेली निवडक पुस्तकं, टिपणवह्या आणि स्वतःच्या सहा कादंबऱ्यांची एकेक प्रत घातल्यावर काटा बरोबर तेवीसवर थांबला. “आता यात पोस्टकार्डसुद्धा घालायचं नाही,” भाचीने बजावलं. मध्येच कधीतरी मावशी टेबलाशी बसून पत्र लिहायची आणि फाडायची. कचऱ्याच्या टोपलीत भाचीला पाच पत्रांचे तुकडे मिळाले. पाचही ‘स. न.’ च्या पुढे गेलेली नव्हती.

“मावशी, बारा दिवस राहिले.”

“मला दिवस मोजता येतात.”

“पायऱ्या येतात का, ते बघायचंय.”

मावशीने उशी फेकून मारली. मग उठली आणि चप्पल घातली.

छापखाना एका गल्लीच्या टोकाला होता. खाली यंत्रं धडधडत होती आणि वरच्या खोलीतल्या टेबलावर कपबशी त्या तालावर किणकिणत होती. मुद्रितशोधक खिडकीशी बसले होते. उजव्या हातात लाल पेन, डाव्या हाताखाली लाकडी पट्टी; पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. त्यांनी मान वर केली नाही.

“बसा. परिच्छेद संपू दे.”

दोघी बसल्या. परिच्छेद लांबलचक होता. संपल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण भिंग मात्र दोनदा उगाचच पुसलं.

“या बाई. बऱ्याच दिवसांनी.”

“इथून चालले होते,” मावशी म्हणाली, “म्हटलं डोकावून जावं.”

“इथून कुठे चालला होतात? गल्ली पुढे बंद आहे.”

भाचीला खोकला आला. ताकाला जाऊन भांडं लपवणं मावशीला कधीच जमलं नव्हतं. तिने मुकाट्याने पर्स उघडली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी ती भिंगाखाली धरली.

“अक्षर माझंच.”

“माझ्याकडून वाचायची राहिली. पुस्तकात खूण म्हणून घातली होती. चार दिवसांपूर्वी सापडली.” मावशीने एक श्वास घेतला. “तुम्ही विचारलं होतंत. मी नऊ वर्षं गावभर सांगत फिरले की विचारलं नाही. चूक माझी.”

“कितव्या पानावर होती?”

“चौदा.”

“नऊ वर्षांत चौदा पानं?”

“यादी मोठी आहे हो.”

त्यांना हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. त्यांनी खालचा खण ओढला आणि तिच्या चौथ्या कादंबरीची प्रत बाहेर काढली. कडा मळलेल्या होत्या. पान दोनशे तीन आपसूक उघडलं, इतक्या वेळा ते उघडलेलं असावं. ‘एकशे अठरा’ भोवती लाल वर्तुळ होतं, एकावर एक पुष्कळदा काढलेलं.

“हे बघा,” ते म्हणाले. “नवव्या पानावर बदललं आणि दोनशे तीनवर नजरेतून सुटलं. बेचाळीस वर्षं मी या टेबलाशी बसतोय. असं कधी झालं नव्हतं. वाचकांची पत्रं तुमच्याकडे आली तशी इथेही आली. कोणत्या तोंडाने फोन करणार होतो तुम्हाला?”

“अहो, मला वाटलं तुम्ही फुगून बसलात.”

“मला वाटलं तुम्ही.”

कपबशी किणकिणत राहिली. भाचीने मनातल्या मनात मांडलं : दोन माणसं, प्रत्येकी एक चूक, नऊ वर्षं. असल्या गणिताला कोणी विचारत नाही.

“मी परदेशी चाललेय,” मावशी म्हणाली. “तीन वर्षं. बारा दिवसांनी.”

“कळलं होतं. म्हणजे घड्याळजींचं पुस्तक हवं असणार.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मागे मुलाखतीत म्हणालात ना, नायक घड्याळजी आहे. तेव्हाच कपाटातून वर काढून ठेवलं.” त्यांनी मागच्या फळीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवला. “पण देत नाही.”

मावशीचा चेहरा पडला.

“म्हणजे एवढ्यात देत नाही. आधी मनोरा. तुमचा आकडा खरा निघाला तर पुस्तक परदेशी जाईल. माझा निघाला तर ते इथंच राहील. मग बारा दिवस तुम्ही या खुर्चीत बसून वाचा, चहा छापखान्याचा. नऊ वर्षं फुकट गेली, निदान आकडा तरी खरा कळू दे.”

“बारा दिवस खुर्चीत बसले तर बांधाबांध कोण करणार? आणि टिपणं काढून का कुठे कादंबरी होते? ते पुस्तक लिहिताना शेजारी लागतं.”

“मग जिंका.”

“मी मोजते,” भाची म्हणाली. “तुम्ही दोघांनी मोजायचं नाही. दोघंही पूर्वग्रहदूषित आहात.”

मुद्रितशोधकांनी भिंग उचलून तिच्याकडे पाहिलं. “या कोण?”

“माझ्या बहिणीची मुलगी. पाण्याच्या थेंबातले जंतू मोजते. आपण काय चीज आहोत!”

मनोरा रविवारी सकाळी लोकांसाठी उघडा असायचा. भाचीने प्रयोगशाळेतला काउंटर आणला होता. अंगठ्याने दाबला की एक आकडा पुढे जायचा. मावशीने आपली चौथी कादंबरी बॅगेतून काढून, छापखान्यातून परत आणलेल्या चिठ्ठीसह पर्समध्ये टाकली होती, पुरावा म्हणून. मुद्रितशोधकांच्या खिशात घड्याळजींचं पुस्तक होतं, बक्षीस म्हणून.

“बोलायला हरकत नाही ना?” मावशीने दारात विचारलं.

“बोला. म्हणजे चोरून मोजता येणार नाही.”

ते बोलले. जिना गोल आणि अरुंद होता, पुढे मावशी, मध्ये मुद्रितशोधक, मागे टिक टिक करत भाची. पहिल्या वळणावर पाचव्या कादंबरीचा विषय निघाला. ती दुसऱ्याच कोणी तपासली होती आणि तीत नायकाचे वडील दोनदा वारले होते. “दोनदा!” मुद्रितशोधक थांबून म्हणाले. “एकदा मला कळवायचं होतं, मी एकदा तरी वाचवला असता.” मावशीला हसून हसून भिंतीला टेकावं लागलं. दुसऱ्या वळणावर त्यांच्या गुडघ्याने दम घेतला, तिसऱ्यावर मावशीच्या छातीने.

“गुडघा कधीपासून?” मावशीने विचारलं.

“तुमच्या पायऱ्या मोजल्या तेव्हापासून.”

त्यानंतर मावशी त्यांच्यापुढे दोन पायऱ्या न जाता एकच पायरी पुढे राहिली.

वर घड्याळाची खोली होती. माणसाच्या उंचीची दातेरी चक्रं संथ फिरत होती आणि लंबकाच्या ठोक्याला पायाखालची फळी थरथरत होती. काउंटरवर एकशे एकोणीस होते. भाचीने आकडा वाचून दाखवला.

“म्हणजे दोघंही चुकलो,” मावशी म्हणाली.

“तुम्ही एकाने, मी दोनने.” मुद्रितशोधकांनी जड हाताने खिशातून पुस्तक काढलं. “जिंकलात.”

“थांबा,” भाची म्हणाली. “एकाच मोजणीवर निष्कर्ष काढत नाहीत. उतरताना परत मोजणार.”

“ही कोणावर गेली आहे?” मुद्रितशोधकांनी विचारलं.

“माझ्यावर नाही,” मावशी म्हणाली, “मी चिठ्ठ्यासुद्धा उघडत नाही.” आणि तिने पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, नुसतं बघायला म्हणून. उभ्याउभ्याच पहिलं पान, मग मधलं एक. मग ती मोठ्याने वाचू लागली.

“‘लोक विचारतात, मनोऱ्याला पायऱ्या किती. चाळीस वर्षं मी रोज चढलो, पण मोजल्या नाहीत. वर पोचेपर्यंत माझं लक्ष ठोक्याकडे असे. घड्याळ उघडण्याआधी मी त्याला हात लावत नसे. तळवा जवळ नेऊन आधी थरथर ऐकत असे.’”

तिने वाचणं थांबवलं. पुस्तक काखेत धरून तिने आपला तळवा सगळ्यात मोठ्या चक्राजवळ नेला, बोटभर अंतरावर, आणि तसाच ठेवला. कितीतरी ठोके गेले. मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि कागद शोधू लागली. भाचीने मावशीच्या पर्समधून ती जुनी चिठ्ठीच काढून दिली. तिच्या कोऱ्या पाठीवर मावशीने सात ओळी लिहिल्या, एकही न खोडता. भाचीने त्या मोजल्या, कारण खोडल्याशिवाय लिहिलेली मावशीची एकही ओळ तिने आजवर पाहिली नव्हती.

मुद्रितशोधक दुसरीकडे बघत होते. ओळी संपल्यावर त्यांनी विचारलं, “हात पुढे सरकला वाटतं नायकाचा?”

“सरकला.”

उतरताना काउंटर एकशे वीसवर थांबला.

भाची खाली दारात उभी राहून काउंटरकडे बघतच राहिली. मग गुडघ्यांवर बसून तिने उंबऱ्यालगतचा दगड पाहिला. तो झिजून झिजून जेमतेम चार बोटं उंच राहिला होता. चढताना तिने तो जमीन म्हणून ओलांडला होता आणि उतरताना पायरी म्हणून मोजला होता.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. कान तापले होते. “पायरी कशाला म्हणायचं, ते आधी ठरवायला हवं होतं. मी परत एकदा—”

“माझा गुडघा ‘नाही’ म्हणतो,” मुद्रितशोधक म्हणाले. “काय आलं ते सांगा.”

“वर जाताना एकशे एकोणीस, खाली येताना एकशे वीस. सरासरी एकशे साडेएकोणीस. तुम्ही दीडने जास्त, मावशी दीडने कमी.”

तिघंही उंबऱ्याकडे बघत राहिली. ही तिघं तिथे काय बघताहेत म्हणून शेजारून जाणाऱ्या भाजीवाल्यानेही वाकून पाहिलं.

“बरोबरी,” मुद्रितशोधक शेवटी म्हणाले. “मग पुस्तकाचं काय करायचं?”

मावशीने ते पुढे केलं. तिचा हात जरा रेंगाळला, पण तिने केलं. “तुमचं आहे. मला जे हवं होतं ते मिळालं, सात ओळी.”

“सात ओळींचं प्रकरण होत नाही, बाई.” त्यांनी तिचा हात पुस्तकासकट मागे ढकलला. “घेऊन जा. तीन वर्षांनी आणून द्यायचं, आणि तेव्हा परत मोजायचं. या ताई आधी व्याख्या ठरवतील. एकच अट.”

“कोणती?”

“त्याला पेन्सिल लावायची नाही.”

“आणि कुठे चूक दिसली तर?”

“चिठ्ठी पाठवायची. मी उघडतो.”

मावशीने पर्समधून आपली चौथी कादंबरी काढली, दाराच्या दगडी कट्ट्यावर ठेवली, आणि पान नऊ आणि पान दोनशे तीन, दोन्ही ठिकाणी आकड्याशेजारी समासात एकेक प्रश्नचिन्ह काढलं. मग प्रत त्यांना दिली.

“ही ठेवा. सुधारलेल्या आवृत्तीसाठी. सातवीची प्रुफंही तुमच्याकडेच येतील.”

“येऊ द्या. आणि यादीत एक नाव लिहून घ्या. मनोऱ्यांवर एक चांगलं पुस्तक आहे.”

“भिंगकाका, नको!” भाची ओरडली. पण मावशीच्या हातात पेन्सिल होतीच.

घरी आल्यावर भाचीने चौसष्टाव्या नावाला अनुक्रमांक घातला. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर घड्याळजींचं पुस्तक ठेवून पाहिलं : एकशे चाळीस ग्रॅम. मावशीच्या चौथ्या कादंबरीचं वजन तिच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं : तीनशे दहा. तिने कादंबरीच्या रिकाम्या जागी पुस्तक बसवलं, चेन ओढली आणि बॅग मोठ्या काट्याच्या आकड्याला अडकवून उचलली.

बावीस किलो, आठशे तीस ग्रॅम.